सतरावा पीस

विजयश्री ओव्हाळच्या डोक्याचा उजवा अर्धा भाग तिच्या मालकीचा नव्हता. तो अर्धशिशीचा होता, आणि अर्धशिशी महिन्यातून चार-पाच वेळा येऊन आपला ताबा बजावून जायची. उरलेल्या डाव्या भागात विजयश्री संसार आणि नोकरी दोन्ही चालवायची. उजव्या डोळ्यापुढे नागमोडी चमक दिसू लागली, की तिला कळायचं, बाई निघाल्या, अर्ध्या तासात दारात हजर. मग उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वास नको. शेजारणीने कुकर लावला तरी शिट्टी आपल्या भुवईतून निघतेय असं तिला वाटायचं.

डॉक्टर झाले होते. त्यांची गोळी लागू पडायची, पण गोळी घेतली की गुंगी यायची, आणि विजयश्रीचं काम गुंगीत करण्यासारखं नव्हतं. निघोजेजवळच्या एका रबराच्या कंपनीत ती तपासणीला होती. गाड्यांमध्ये बसणारे सुपारीएवढे रबरी बुश एकेक करून दिव्याखाली धरायचे, फिरवून बघायचे, चीर किंवा खड्डा दिसला तर त्यावर लाल ठिपका लावून तो लाल पेटीत टाकायचा आणि वहीत आकडा वाढवायचा. दिवसाला दोन हजारांच्या पुढे पीस हाताखालून जायचे.

डोकं दुखतं हे तिने कंपनीत कुणालाही सांगितलेलं नव्हतं. आधीच्या कंपनीत मोकळेपणाने सांगितलं होतं. तिथले लोक फार चांगले होते, फार हळहळले, आणि सहा महिने भरल्यावर म्हणाले, बघू, कळवू. ते अजून कळवताहेत. इथे सहा महिने येत्या शुक्रवारी भरत होते आणि शुक्रवारीच पर्मनंटचं पत्र मिळायचं होतं. घरात पर्मनंट असं कुणी नव्हतं. सासरे ज्या कंपनीत पर्मनंट होते ती कंपनीच बंद पडली होती, आणि नवरा प्रीतम मारुंजीच्या एका आयटी कंपनीत कंत्राटावर लिफ्टची देखभाल करायचा. तेव्हा शुक्रवारपर्यंत तोंडाला कुलूप, असं विजयश्रीने ठरवून टाकलं होतं. कपाळ आवळून धरलेलं कुणी पाहिलंच, तर डोळ्यात कचरा गेला म्हणायचं.

उपाय शोधला तो सासूबाईंनी. सुभद्राबाई पिंपरीच्या विहारात भरलेल्या दहा दिवसांच्या शिबिरात रिफ्लेक्सॉलॉजी शिकून आल्या होत्या. प्रमाणपत्र त्यांनी लॅमिनेट करून घेतलं होतं, आणि तेव्हापासून घरी येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडाआधी त्या त्याच्या पायांकडे बघायच्या. त्यांच्या मते माणसाचं अख्खं शरीर तळपायावर मांडलेलं असतं आणि डोकं म्हणजे पायाचा अंगठा. रोज संध्याकाळी चहा झाला, की सुनेचा पाय मांडीवर घेऊन त्या लाकडी काडीने अंगठा दाबत बसायच्या.

“दुखतंय?”

“आई गं, हो.”

“मग बरोबर जागा हाय. तुझं डोकं हितंच हाय बघ.”

हिचं डोकं पायात आहे याची मला आधीपासून शंका होती, असं प्रीतमने एकदा म्हणून पाहिलं. दोघींनी मिळून त्याचा पाय धरला आणि यकृताची जागा शोधली. त्यानंतर या विषयावर तो काही बोलला नाही.

आणि खोटं कशाला बोला, गुण येत होता. तो अंगठ्याच्या जागेचा, की सासू रोज वीस मिनिटं सुनेचा पाय मांडीवर घेऊन बसते याचा, हे सांगणं कठीण. शिवाय सुभद्राबाईंनी पथ्यंही लावून दिली होती. उपाशी राहायचं नाही, दर तासाला पाणी, बसमध्ये उन्हाच्या बाजूला बसायचं नाही आणि झोप मोडायची नाही. विजयश्रीने आपलं एक कलम त्यात वाढवलं होतं, ते म्हणजे सुपरवायझर रणजीत सरांपासून सहा फूट लांब उभं राहायचं, कारण ते अंगावर जो स्प्रे मारून यायचे त्याने चांगल्या डोक्यालाही भोवळ यायची.

अडचण एवढीच होती, की पाळीचे आठ तास उभं राहून काढायचे आणि तेही लोखंडी टोपीच्या सेफ्टी शूजमध्ये. तिथे अंगठा दाबणार कोण आणि कसा? सुभद्राबाई म्हणाल्या, त्यात काय, बुटातच काहीतरी ठेव, उभ्या उभ्या दाबलं जाईल. पहिल्या दिवशी मसूर ठेवले, त्याचं दुपारपर्यंत पीठ झालं. मग हरभरा ठेवला, तो घामाने फुगला. चिंचोका बरा होता, पण तो फिरता. सकाळी अंगठ्याखाली असायचा आणि जेवणाच्या सुट्टीत टाचेखाली सापडायचा. टाचेची जागा कसली, असं तिने विचारलं तेव्हा सासूबाईंनी तक्ता बघून, ती वेगळ्या भागाची आहे, असं तोंड फिरवून सांगितलं.

मंगळवारी तर चिंचोकाही नव्हता, तो सकाळी बसमध्ये बूट झटकताना पडून गेला होता. दुपारी दोनच्या सुमाराला विजयश्रीने एक चीर गेलेला बुश बाजूला काढला, त्यावर लाल ठिपका लावला, वहीत सतरा आकडा टाकला, आणि तेवढ्यात उजव्या डोळ्यापुढे चमक सुरू झाली. पाळी सुटायला दीड तास होता. हातातला बुश तिने बोटांनी दाबून पाहिला. ना फार कडक, ना फार मऊ. सासूबाईंनी सांगून बनवून घेतला असता तर असाच बनला असता. नाडी बांधायला वाकल्यासारखं करून तिने तो बुटात सरकवला. सुटताना पेटीत टाकून देऊ, असं मनाशी म्हटलं. मग बाटलीभर पाणी प्यायली, डब्यातली उरलेली पोळी खाल्ली आणि अंगठ्यावर भार देऊन उभी राहिली.

आणि काय सांगावं, चमक विरली आणि डोकं धरलंच नाही. बाई दारातून परत गेल्याची ही पहिली वेळ. विजयश्रीला इतका आनंद झाला, की पाळी सुटल्यावर ती मैत्रिणींशी हसत बोलत थेट बसमध्ये जाऊन बसली. बुश बुटातच राहिला. अंगठ्याला त्याची सवय झाली होती. बुधवारी सकाळी घाईत तेच बूट घालून ती कामावर आली.

कंपनीचा नियम असा, की लाल पेटीला कुलूप असतं, वर फक्त पीस टाकण्यापुरती फट असते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुपरवायझर सगळ्यांसमोर ती उघडून मोजतो. बुधवारी सव्वासातला रणजीत सरांनी पेटी उघडली. पीस सोळा निघाले. वहीत सतरा. त्यांनी पुन्हा मोजले, पेटी उलटी करून आपटली, खाली वाकून टेबलाखाली पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. नापास केलेला पीस पेटीत नाही म्हणजे तो कुठे आहे? तर चांगल्या मालात. आणि चांगला माल कुठे आहे? बाहेर निघालेल्या टेम्पोत.

टेम्पो फाटकातून निम्मा बाहेर गेला होता. तो शिट्ट्या मारून मागे घेतला भिमाजी येळवंड्यांनी. भिमाजी माल पाठवायचं काम बघायचे. कंपनी ज्या जमिनीवर उभी होती ती एके काळी त्यांची, त्यामुळे ते कंपनीत नोकरीला होते की कंपनी त्यांच्याकडे राहायला आली होती, हे नीट ठरलेलं नव्हतं. टेम्पो साडेदहाच्या आत निघाला नाही, तर पुढच्या कंपनीत साडेअकराला बुश संपणार होते आणि तिथली गाड्या जोडायची लाइन थांबणार होती. लाइन थांबणं म्हणजे काय, हे चाकणच्या पट्ट्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

रणजीत सर विजयश्रीकडे वळले. “ताई, कालचा शेवटचा पीस तुम्हीच टाकला होता ना पेटीत?”

“हो सर,” विजयश्री म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला उजव्या पायाच्या अंगठ्याखाली काहीतरी जाणवलं.

सांगून टाकावं तर एक नाही, दोन गुन्हे. नापास पीस बुटात घालून फाटकाबाहेर नेला हा पहिला, आणि का नेला हे सांगायला गेलं की डोकेदुखी चव्हाट्यावर. शुक्रवारला दोन दिवस उरले होते. ती गप्प राहिली, आणि एकदा गप्प राहिलेल्या माणसाला पुढे तोंड उघडणं किती जड जातं, हे तिला पुढच्या तीन तासांत चांगलं कळलं.

बारा क्रेट खाली उतरवले, चोवीसशे बुश टेबलांवर ओतले, आणि सगळ्या बायकांना फेरतपासणीला उभं केलं. लाल ठिपक्याचा पीस शोधा, असा हुकूम सुटला. तर चोवीसशेमध्ये जो पीस नाही हे एकट्या विजयश्रीला ठाऊक होतं, तो शोधायला ती सगळ्यांत पुढे उभी होती, आणि शोधायच्या पिसावर पाय देऊन उभी होती. शेजारची गोजाबाई म्हणाली, काय गं, घाम का फुटलाय एवढा? डोळ्यात कचरा गेला, विजयश्री म्हणाली. गोजाबाईने तिच्या कपाळाकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

मुतारीत जाऊन बूट काढावा म्हटलं, तर भिमाजी दारात उभे. पीस सापडेपर्यंत कुणीही बाहेर जायचं नाही. मालातच टाकून, हा बघा सापडला, म्हणावं, तर त्याचा अर्थ तिने नापास माल चांगल्यात जाऊ दिला असा झाला असता, आणि ते तर चोरीहून वाईट. राहिली लाल पेटी. ती मधल्या टेबलावर उघडी ठेवली होती आणि रणजीत सर दर दहा मिनिटांनी येऊन, आता तरी सतरा होतात का, अशा आशेने ती मोजत होते. विजयश्रीचं डोकं आज दुखायला हवं होतं. उपाशी पोट, जागरण, ऊन, स्प्रे, काही लागत नव्हतं, नुसती ही काळजी पुरेशी होती. पण अंगठा असा काही दाबला जात होता, की डोकं शांत आणि बाकी सगळा जीव टांगणीला.

साडेनऊला चहा आला. माना वळल्या. विजयश्रीने वाकून नाडी सोडली, बुश काढला, मुठीत धरला आणि कप घ्यायला जाता जाता पेटीत सोडून दिला. कुणी पाहिलं नाही. तिच्या जिवात जीव आला. आता रणजीत सर मोजतील, सतरा निघतील, सगळे म्हणतील मघाशी मोजण्यात चूक झाली, आणि टेम्पो जाईल. चहा तिला इतका गोड कधी लागला नव्हता.

पण मोजायला रणजीत सर आले नाहीत, प्लँट हेड मिनल मॅडम आल्या. मॅडम कमी बोलायच्या आणि कागदाला फार मानायच्या. त्यांनी पेटी टेबलावर पालथी केली आणि एकेक पीस बोटाने सरकवत मोजला. मग पुन्हा मोजला.

“सकाळी सोळा होते म्हणालात ना, रणजीत?”

“हो मॅडम.”

“आता एकोणीस आहेत. पेटीत पिल्लं झाली का?”

मॅडमनी सगळे पीस उजेडात धरून पाहिले आणि त्यांतले तीन वेगळे काढले. पहिल्यावरचा लाल रंग अजून ओला होता, तो त्यांच्या बोटाला लागला. दुसऱ्याच्या पाठीला चिकटपट्टीचा तुकडा होता आणि त्यावर वर्षभराची धूळ होती. तिसऱ्यावरचा ठिपका पुसट होऊन पसरला होता, आणि पीस एका बाजूने चेपून माणसाच्या अंगठ्यासारखा झाला होता.

आधी भिमाजीच पुढे आले. चिकटपट्टीवाला माझा, ते म्हणाले. आमच्या हापिसात नमुन्यांचा बोर्ड हाय, त्यावरनं काढला. गाडी अडकून पडली व्हती, म्हनलं एकाचाच तर प्रश्न हाय. मग रणजीत सरांनी खाली बघत ओल्या रंगाकडे बोट केलं. त्यांनी ट्रायलच्या मालातला एक घेऊन आताच रंगवला होता. माझ्या पाळीत असं कधी झालं नाही हो मॅडम, असं काहीतरी ते पुटपुटले.

“ठीक आहे,” मॅडम म्हणाल्या. “म्हणजे हा तिसरा खरा. हा मालात मिसळला होता की नव्हता, एवढंच मला कळायला हवं. मिसळला असेल, तर आणखीही असतील. नव्हता, तर टेम्पो आत्ता सोडते. कुणी बोललं नाही, तर सगळा माल तिसऱ्यांदा तपासायचा आणि पुढची लाइन थांबली म्हणून मी फोन करायचा.”

घड्याळात दहाला दहा कमी होते. बायका एकमेकींकडे बघत होत्या. सकाळपासून उभ्या होत्या बिचाऱ्या, कुणी नाश्तासुद्धा केला नव्हता. विजयश्रीला वाटलं, गेलं पत्र. मग वाटलं, जायचंच असेल तर या सगळ्यांचे पाय तोडून कशाला जावं?

“माझ्या बुटात होता, मॅडम. कालपासून. मालात नव्हता.”

मॅडमनी टेम्पो भरायला सांगितला, पण फाटक उघडायचं नाही म्हणाल्या. अडवलेला माल सोडायचा तर आधी ‘का-का’चा फॉर्म भरावा लागतो. त्यात पाच चौकोन असतात. पहिल्यात एक ‘का’ विचारायचा, मिळालेल्या उत्तराला पुन्हा ‘का’ विचारायचा, असं पाच वेळा. पाचव्याला जे निघेल ते मूळ कारण, आणि त्यावर उपाय लिहून, जबाबदार माणसाचं नाव आणि तारीख टाकून सही करायची. मॅडमनी खुर्ची ओढली, पेन काढलं.

“पीस पेटीत का नव्हता?”

“बुटात होता.”

“बुटात का?”

“डोकं धरणार होतं. अर्धशिशी आहे. अंगठ्याखाली दाबलं की बरं वाटतं. सासूबाईंनी...” विजयश्री थांबली. मॅडमनी ‘अर्धशिशी’ एवढंच लिहिलं.

“मग सांगून घटकाभर बसला का नाहीत?”

“कुणाला कळू द्यायचं नव्हतं.”

“का?”

“कळलं तर पर्मनंट करणार नाहीत.”

मॅडमचं पेन पाचव्या चौकोनावर आलं. “असं का वाटलं तुम्हाला?”

उत्तर दिलं ते भिमाजींनी, दारातूनच, कुणाची भीडभाड न ठेवता.

“कारन आपन न्हाई करत, मॅडम. परसाल कंबरंचं सांगितलं म्हनून छबूबाईला न्हाई केलं. सही तुमचीच व्हती.”

दुसरं कुणी असतं तर फॉर्म फाडला असता. पण मिनल मॅडम कागदाला मानणाऱ्या. निघालेलं उत्तर जसंच्या तसं लिहायचं, हा नियम त्यांनीच भिंतीवर लावून घेतला होता. मग त्यांनी लिहिलं, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं.

“मूळ कारण, दुखणं सांगणाऱ्याला आपण पर्मनंट करत नाही. उपाय, विजयश्री ओव्हाळ यांचं पत्र आज द्यावं. छबूबाईंना बोलावून घ्यावं. चमक दिसली की सांगून पंधरा मिनिटं अंधाऱ्या खोलीत बसायची मुभा. जबाबदार व्यक्ती, मिनल. तारीख, आजची.” त्यांनी सही केली आणि मान वर केली. “आणि विजयश्री, लाल पेटीतला पीस पुन्हा तुमच्या हातात दिसला, तर मात्र पहिल्या ‘का’लाच घरी पाठवीन. डॉक्टर दर गुरुवारी येतात, उद्या त्यांना भेटायचं. गुंगी न आणणारी गोळी असते का ते विचारायचं.”

विजयश्री हो म्हणाली आणि टेबलाला धरून रडायला लागली. सहा महिने दाबून धरलेलं सगळं बाहेर पडत होतं. गोजाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, अगं, आम्हाला पहिल्या महिन्यापासून ठाऊक आहे, रोज कुणाच्या डोळ्यात कचरा जातो होय? रणजीत सर रुमाल द्यायला पुढे आले, तर गोजाबाईने त्यांना तिथूनच परत पाठवलं. त्यांच्या रुमालालाही स्प्रे होता.

बाहेर टेम्पो भरून झाला. भिमाजी फाटकाचा अडसर धरून उभे राहिले. मॅडम उठता उठता थबकल्या. या मालातला एक पीस दरवेळी नमुना म्हणून ऑफिसात राखून ठेवतात, तो न्यायला म्हणून त्यांनी पर्समध्ये टाकला होता. तो काढून त्यांनी विजयश्रीपुढे धरला.

“हा घ्या. बुटात ठेवायचाच असेल तर नापास कशाला? चांगला ठेवा.”

विजयश्रीने डोळे पुसले आणि तो बुश घेतला. घेतला तो घेतला, आणि हात आपोआप वर दिव्याखाली गेला. ती तो सावकाश फिरवू लागली. कडा पाहिली, आतली बाजू पाहिली, मग डोळे बारीक करून पुन्हा कडेवर आली. रणजीत सरांच्या तोंडचं पाणी पळालं. बायका जागच्या जागी खिळल्या. मिनल मॅडमनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. फाटकावर भिमाजींचा हात अडसरावर तसाच राहिला, आणि ड्रायव्हरने सुरू केलेली गाडी बंद केली.

“ओके आहे,” विजयश्री म्हणाली.

भिमाजींनी अडसर ओढला आणि टेम्पो सुटला.